काळी की तांबडी

३ मार्च, मंगळवार

कारखान्यात मोठं मशीन घ्यायचं असलं की मी महिनाभर एक वही ठेवतो. कोण काय म्हणालं, त्यात त्याचा स्वार्थ काय आणि मला स्वतःला काय वाटलं, हे सगळं लिहून ठेवायचं. पुढे कोणी 'मी तेव्हाच सांगितलं होतं' म्हणाला की वही उघडून त्याच्या पुढ्यात टाकायची. आजवर हे वाक्य माझ्यासमोर कोणी दुसऱ्यांदा उच्चारलेलं नाही.

या वेळी मशीन नाही, गाडी घ्यायची आहे. उंच, ऐसपैस, सगळं कुटुंब मावेल अशी. एक एप्रिलपासून मुलगी नोकरीवर रुजू होणार आणि नातीला शाळेत सोडायचं-आणायचं काम माझ्याकडे. कोणी गळ्यात मारलेलं नाही, मी मागून घेतलंय. मी पत्र्याची कपाटं करणारा माणूस. पस्तीस वर्षं पत्रा ठोकत आलो. त्या भरात मुलीच्या शाळेचं फाटक कोणत्या दिशेला होतं तेही मला कधी कळलं नाही. नातीची शाळा तरी बघू दे.

नातीला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी थांबत नाही. वय पाच.

पाहून पाहून दोन गाड्या उरल्यात. किंमत दोघींची जवळपास सारखीच, उन्नीस-बीस. काळीचा पैसा पत्र्यात आणि इंजिनात गेलाय, तांबडीचा कॅमेऱ्यात आणि दिव्यांत. काळीच्या दारावर बोटाचं पेर मारलं की 'धप्प' येतं. तांबडीचं दार 'टप्प' म्हणतं. पत्र्याची जाडी मी कानानं सांगतो, मोजपट्टी नंतर लावतो. मोटारीचं बेअरिंग जायच्या आठवडाभर आधी मी सांगतो की जाणार. या कानांवर कारखाना उभा राहिलाय.

काळी विकणारा माणूस नगाऱ्यासारखा आहे. जाडजूड, बोलतो तो एकेक शब्द खणखणीत. तांबडीच्या दुकानात एक चष्मेवाली मुलगी आहे, ती तोंडातल्या तोंडात बोलते. ज्याला आपल्या मालाची खात्री नसते त्याचा आवाज खाली जातो, हा माझा जन्माचा अनुभव.

माझ्या मनात काळी. घरातल्या तिघांच्या मनात तांबडी. ही, मुलगी आणि जावई. या तिघांचं आजवर पंख्याच्या वेगावरही एकमत झालेलं नाही. आजच कसं झालं?

५ मार्च, गुरुवार

डोकं फिरलंय.

सकाळी पेपर वाचत होतो. हिनं नेहमीप्रमाणे खोलीतला दिवा दोनदा बंद-चालू केला. म्हणजे चहा झाला. ही काय पद्धत झाली? माणूस आहे मी, आगगाडी नाही. चांगली हाक मारायचं सोडून गेली काही वर्षं हिचं हे खूळ चाललंय. पूर्वी 'अहो' म्हणाली की शेजारचे तीन नवरे वळून बघायचे.

चहाला बसल्यावर सरळ विचारलं, तांबडीच का? म्हणाली, "तिच्यात सगळं दिसतं."

म्हटलं, "काळीच्या काचा काय लाकडाच्या आहेत?"

यावर ती पाठ फिरवून भांडी घासत काहीतरी पुटपुटली. काय म्हणालीस म्हणून विचारलं, तर "काही नाही." बोलायचं ते भांड्यांशी आणि आपण विचारलं की काही नाही. मुलीचीही तीच तऱ्हा, अर्धे शब्द गिळते. भिंगरी तर मुंगीच्या आवाजात बोलते. शाळेत मोठ्याने बोलायला शिकवत नाहीत वाटतं हल्ली. घरात जावई एकटा काय तो माणसासारखा बोलतो, पण त्याच्याकडे बोलण्यासारखं काही नसतं.

दारावरची घंटा परत बिघडली आहे. वर्षात तिसरी. वायरमन येऊन बघून गेला, म्हणाला ठीक आहे. मी त्याला हाकलला.

८ मार्च, रविवार

आज सगळ्यांना घेऊन दोन्ही गाड्या चालवून पाहिल्या.

काळी म्हणजे काळी. पायाखाली इंजिन गुरगुरतं ते छातीत जाणवतं. चढावर जरा पाय दाबला तर कसली धावली. पण मजा किरकिरी करायला जावई होताच शेजारी. वळण झालं की दोन मिनिटांनी याचा हात माझ्या हाताखालून यायचा आणि इंडिकेटर बंद करायचा. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "जावईबापू, तुमच्या हाताला खाज असेल तर खिडकीबाहेर काढा." पुढच्या वळणानंतर पुन्हा तेच.

मग तांबडी. ही गाडी नाही, मास्तरीण आहे. बाजूने कोणी आलं की आरशात दिवा लागतो. पट्टा सोडून जरा सरकलो तर स्टिअरिंग हातात थरथरतं. मागे घ्यायला लागलो तर पुढ्यातल्या पडद्यावर अंगण, भिंत, मांजर, सगळं रंगीत चित्र. तेवढ्यावर भागत नाही म्हणून काही आडवं आलं तर स्वतःच ब्रेक मारते. पंचेचाळीस वर्षं गाडी चालवणाऱ्याचा हा अपमान आहे. एवढ्यात मधल्या आरशात लक्ष गेलं. मागच्या सीटवर मुलीने हिचा हात दाबला आणि दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. सुटल्यासारख्या.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. मुलीला ही गाडी स्वतःसाठी हवी आहे. ऑफिसला मिरवत जायला. नातीची शाळा हे निमित्त, पैसा माझा, चैन यांची. मागायची होती तर तोंडाने मागायची, मी नाही म्हटलं असतं का? पण हे आडून तीर मारणं माझ्या रक्तात नाही. तिच्यात कुठून आलं?

१० मार्च, मंगळवार

मुलीला तोंडावर विचारलं. लांबण लावली नाही. तुला फिरायला हवी आहे ना तांबडी, म्हटलं.

तिचा चेहरा असा झाला की जणू मी तिला चोर म्हटलं. (म्हटलंच होतं म्हणा.) ती काहीतरी बोलली, मग रडली. रडताना तर तिचं एक अक्षर कळत नाही. जावई मध्ये पडून म्हणाला, "बाबा, तसं नाहीये, तुम्ही समजता तसं अजिबात नाहीये." मग कसं आहे ते सांगा, म्हटलं. तर तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी खोलीत आलो की कुजबूज, मी विचारलं की मौनव्रत. या घराचं छप्पर मी घातलंय आणि मलाच बाहेरचा करून ठेवलाय.

ताडताड कारखान्यात गेलो. मिस्त्री अठ्ठावीस वर्षं माझ्याकडे आहे. आमच्याकडे प्रेसचा दणका, ग्राइंडरची किंकाळी, बारा महिने तेरा काळ. त्यामुळे कामाचं बोलणं आम्ही हातांनी करतो. मूठ दाखवली की थांब, दोन बोटं म्हणजे बिजागरी, तळहात उलटा म्हणजे पत्रा बदल. म्हणून तिथे भांडणं होत नाहीत. नवी पोरं कानात बोळे घालून येतात. आमच्या वेळी असली चैन नव्हती आणि मी अजूनही घालत नाही.

जेवणाच्या सुट्टीत मिस्त्रीला दोन्ही गाड्यांचे कागद दाखवले. त्याला पत्र्याची पारख आहे, काळीच म्हणेल ही खात्री. कागद बघितले, मान खाजवली आणि तांबडीवर बोट ठेवलं. का रे, म्हटलं. त्याने हात कानापाशी नेला, माझ्याकडे बघितलं आणि मग उगाच कान खाजवला. म्हणाला, "वय झालं मालक आपलं."

याचं वय झालं असेल. हिने याचेही कान भरले, दुसरं काय.

उद्या काळीचं पक्कं करतो. माझं घर, माझी गाडी.

१४ मार्च, शनिवार

पक्की करायच्या आधी नगारेवाल्याने काळी शनिवार-रविवार घरी ठेवायला दिली. 'साहेब, घरच्यांनी बसून बघितलं की मन आपोआप वळतं.' धंदा कळणारा माणूस. अंगणात उभी केली. भिंगरी तिच्याभोवती सात-आठ चकरा मारून आली. बाकी कोणी बाहेर आलं नाही. ही खिडकीतून बघत होती, मी बघितल्यावर आत गेली.

१५ मार्च, रविवार

अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊ दे.

सकाळी अकराच्या सुमारास काळी अंगणातून मागे घेत होतो. भिंगरी पायरीवर बसली होती, ते मी पाहिलं होतं. तिची आई दारात होती. आरसा पाहिला, गाडी मागे घ्यायला लागलो. उंच गाडी, मागच्या काचेतून खालचं काही दिसत नाही, पण त्यासाठी मागे सेन्सर असतो. कोणी आडवं आलं की वाजतो. नगारेवाल्याने सांगितलं होतं. वाजला नाही, म्हणून मी घेत राहिलो.

एकदम बाजूच्या पत्र्यावर दोन्ही हातांचे दणके बसले. जावई. मी ब्रेक मारला. त्याचं तोंड उघडं होतं, चेहरा पांढराफटक. खाली उतरलो.

भिंगरी मागच्या बंपरपासून वीतभर अंतरावर उकिडवी बसली होती. हातात खडू. अंगणात घर काढत होती.

मुलगी जमिनीवरच बसली, पोरीला छातीशी धरून. मी सगळ्यांवर ओरडलो. ओरडलो म्हणजे किती ओरडलो. तोंडं शिवली होती का तुमची? दारात उभं राहून बघत होता काय? एक हाक मारता आली नाही?

एकाने तरी उलट बोलावं. ही माझ्याकडे पाहत राहिली आणि मग तिने पदराने डोळे पुसले. भिंगरी म्हणाली, आई तर ओरडत होती. हे तिच्या आईने तिचं तोंड दाबायच्या आत मला दिसलं.

दोष सेन्सरचा आहे. मेलेला सेन्सर लावून गाडी माझ्या घरी पाठवली. उद्या त्या नगाऱ्याचं कातडं फाडतो.

१६ मार्च, सोमवार

दुकान उघडताच जाऊन धडकलो. एवढे दिवस मी त्याला भला माणूस समजत होतो. भरल्या दुकानात त्याचा उद्धार केला. पोलीस, पेपर, वकील, जेवढी नावं घेता येतात तेवढी घेतली. गिऱ्हाइकं उठून उभी राहिली. तो बिचारा घामाघूम. म्हणाला, "साहेब, आत्ता तपासू. तुमच्यासमोर."

गाडी दुकानाच्या दारात आणली. मी चालकाच्या जागेवर, काच खाली. तो मागे जाऊन बंपरला पोटऱ्या टेकवून उभा राहिला. मी मागचा गिअर टाकला.

चिडीचूप.

म्हटलं, "बघा! आहे का आवाज? आहे का?"

तो म्हणाला, "साहेब, वाजतोय ना."

म्हटलं, खोटारड्या. त्याने मेकॅनिकला बोलावलं. मेकॅनिक म्हणाला, वाजतोय. हिशेबनीस म्हणाला, वाजतोय. सगळे एका ताटातले. मी दारातल्या गिऱ्हाइकांकडे बघितलं, तुम्ही तरी सांगा म्हणून. एक बाई होती, कडेवर दीड-दोन वर्षांचं मूल. त्या मुलाने दोन्ही हातांनी कान घट्ट झाकून घेतले होते. तोंड वाकडं केलं होतं.

त्या मुलाला मला फसवून काही मिळणार नव्हतं.

मी गिअर काढला. मुलाने हात खाली घेतले. मी पुन्हा टाकला. त्याने पुन्हा कान झाकले आणि रडायला लागलं. तेही मला दिसलंच फक्त.

असं किती वेळा केलं आठवत नाही. शेवटी नगारेवाल्याने खिडकीतून हात घालून चावी फिरवली आणि हळू म्हणाला, "काका, पाणी घ्या." साहेबाचा काका झालो.

१७ मार्च, मंगळवार

काल घरी आलो ते बोललो नाही कोणाशी. आज मुलगी-जावई बाहेर गेल्यावर हिला समोर बसवलं. खुर्ची समोर, तोंड उजेडाकडे. विचारलं, कधीपासून माहीत आहे?

"भिंगरी झाली त्या वर्षापासून. ती रडायची, तुम्हाला ऐकू यायचं नाही. आधी वाटलं मुद्दाम उठत नाही."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"सांगितलं होतं. कानाच्या डॉक्टरकडे जाऊ म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, बेअरिंगचा आवाज मी आठ दिवस आधी ऐकतो, तू मला शिकवतेस? तीन दिवस जेवला नाहीत घरी."

मला हे आठवत नाही. पण वाक्य माझंच आहे. कोणीही ओळखेल.

मग माझा पारा चढला. म्हटलं, मी रागावतो म्हणून पोरीचा जीव टांगणीला लावलात? सगळ्यांनी मिळून कट केलात, मिस्त्रीसुद्धा, आणि खरं सांगायचं सोडून मला दिव्यांची गाडी घेऊन देणार होतात? म्हणजे मला कळू नये आणि काम व्हावं? शाळेचं मी मागितलं तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं तुम्ही.

"तुमचं तोंड बघितलं होतं का शाळेचं बोलताना?" ती म्हणाली. "कोण म्हणणार नाही?"

"तरी सांगायचं."

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी काळी दारात उभी केली असतीत."

हे खरं आहे. म्हणून जास्त राग आला. टेबलावर मूठ आपटली, पेला पडला, फुटला. तिने काचा गोळा केल्या नाहीत. बसून राहिली. मग मी विचारलं, दिव्याने चहाला बोलावतेस, ठीक. पण चहाशिवायचं? दिवसभरातलं बाकीचं?

तिने खुर्ची जवळ ओढली.

"आधी दोनदा सांगायची, मग तीनदा. तुम्ही वैतागायचात. मग महत्त्वाचं तेवढंच सांगायला लागले. मग महत्त्वाचंही कमी होत गेलं."

म्हटलं, सांग आता, राहिलेलं. म्हणाली, पाच वर्षांचं आता कुठून आठवू.

काचा मी उचलल्या. बोट कापलं. तेही माझंच.

१९ मार्च, गुरुवार

कानाची डॉक्टर. काचेच्या खोलीत बसवून डोक्याला यंत्र लावलं, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबा. जाड आवाज आले, दाबले, भराभर दाबले. मग बंद पडलं. बराच वेळ वाट पाहून मी काचेवर टकटक केलं, तुमचं मशीन बिघडलंय. डॉक्टरने मान हलवली. तिच्या शेजारी ही बसली होती, माझ्या अंगठ्याकडे टक लावून.

डॉक्टर समोर बसून सावकाश बोलली. प्रेसच्या आवाजाने कानातले बारीक आवाज पकडणारे भाग झिजले, ते परत येत नाहीत. जाड आवाज अजून नीट ऐकू येतात, म्हणून माणसाला वाटतं की आपले कान शाबूत आहेत आणि जग पुटपुटतंय. बायकांचे, मुलांचे आवाज आधी जातात. दोन्ही कानांना यंत्रं लागतील, पुढच्या महिन्यात मिळतील, सवय व्हायला आणखी काही आठवडे. तोवर, आणि तपासून ती सांगेपर्यंत, गाडी चालवायची नाही.

मी विचारलं, तांबडी असली तरी? तिला कळलं नाही. हिला कळलं. डॉक्टरने दोघांकडे बघून पुन्हा म्हटलं, कोणतीही.

तिथून कारखान्यात गेलो आणि प्रेस बंद करायला लावला. कानात बोळे नसलेला एकही माणूस उद्यापासून आत दिसता कामा नये, म्हटलं. मिस्त्रीला बाजूला घेतलं. तुलाही माहीत होतं ना? त्याने मान खाली घातली. कामावरून काढतो म्हटलं. त्याने हाताने विचारलं, खरंच? मी हातानेच सांगितलं, जा, काम कर.

या वेळी राग कुणावर धरायचा तेच ठरत नाही. इतके दिवस किती सोपं होतं, जो समोर येईल त्याच्यावर.

२२ मार्च, रविवार

तांबडीच्या दुकानात सगळे गेलो. चष्मेवालीला म्हटलं, बाई, समोर उभी राहा आणि माझ्याकडे बघून सगळं पहिल्यापासून सांग. तिने सांगितलं. ब्रेक किती अंतरावर लागतो, कॅमेऱ्यात रात्री किती दिसतं, मागच्या सीटचा पट्टा लहान मुलाला कसा बसतो. जाडजूड नगाऱ्याने यातलं एकही सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. मुलगी हुशार आहे. पत्रा पातळच आहे तांबडीचा, हे मात्र तिला ऐकवलं. तिने मान्य केलं. तांबडी पक्की केली, जावयाच्या नावावर. चेकवर सही मी केली.

दुपारी मुलीला अंगणात बोलावलं. चार दिवस हे वाक्य मी पाठ करत होतो. शेवटी म्हटलं, "मला ऐकू येत नाही. भिंगरीला मी शाळेत नेणार नाही. तुम्ही काय ती सोय करा."

आयुष्यात इतकं कडू काही तोंडातून काढलं नाही. रागाने कानशिलं तापली होती. तिच्यावर, सेन्सरवर, प्रेसवर, पस्तीस वर्षांवर.

ती खाली बघून काहीतरी बोलली. म्हटलं, मान वर कर. तिने वर केली, डोळे भरलेले, पण या वेळी एकेक शब्द वेगळा करून बोलली. सोय झाली होती. जावई ऑफिसच्या वाटेवर दोघांना शाळेपाशी सोडेल, परत यायला चालत दहा मिनिटं आहेत, गल्लीतून, वाहनं नाहीत. मला नीटसं कळेना. दोघांना म्हणजे?

"बाबा, गाडी कोणीही चालवेल. पण फाटकातून आत तिचा हात धरून कोण नेणार?"

हे मला ऐकू आलं की तिच्या ओठांवर दिसलं, सांगता येत नाही. कळलं मात्र.

"मी," म्हटलं.

जरा जास्तच मोठ्याने म्हटलं असावं. शेजारच्यांनी खिडकी उघडली.